दोन तीनांचं घड्याळ

मागच्या दिवाळीत मी आबांसाठी घड्याळ तयार केलं. अख्खं नाही. स्मार्टवॉच ऑनलाइन मागवलं होतं, त्यावर दिसणारी तबकडी तेवढी मी बनवली. कोड लिहून. मोठ्या तबकडीवर देवनागरी आकडे, आणि खाली, सहाच्या जागी, एक छोटी तबकडी. तिच्यावर फक्त चार आकडे: १२, ३, ६, ९. बोट टेकवलं की छोटा काटा चालू, पुन्हा टेकवलं की थांबला, परत टेकवलं की थांबला होता तिथून पुढे.

(आधीच सांगतो. बारामतीत 'घड्याळ' हा शब्द जपून उच्चारावा लागतो, लोक लगेच मतदानावर जातात. हा लेख मनगटावरच्या घड्याळाबद्दल आहे.)

आबांनी चष्मा कपाळावर सरकवला, मनगट लांब धरलं, मग जवळ आणलं.

"आरं, ह्यात एक तीन निजलाय अन् दुसरा उभाय. सहा कुठं गेला?"

मी म्हटलं, आबा, खालचा सहाच आहे.

"ह्यो सहा? नाना बघंल अन् म्हणंल, माझं तीनच तास झालं."

नाना कोण आणि त्याचे तास कसले, ते सांगायला हवं. त्याशिवाय पुढच्या स्वित्झर्लंडच्या गोष्टींना काही अर्थ नाही.

आमचं रान बारामतीकडून इंदापूरकडे जाताना लागतं. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी खोदलेला नीरा डावा कालवा याच भागातून जातो. कालव्याने ऊस आणला, उसाने कारखाने आणले, आणि पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट आली. ती म्हणजे पाळी. आज कुणाचं पाणी, किती तास, कुठल्या चारीला. आमच्याकडे कालव्याशिवाय एक विहीर आहे, आबा आणि त्यांचे चुलतभाऊ नाना यांच्यात सामाईक. सहा तास यांचे, सहा तास त्यांचे. कागदावर अगदी सोपं. पण मोटर चालते विजेवर, आणि वीज मधेच जाते. रात्री दहाला नानांची पाळी सुरू झाली, साडेअकराला लाईट गेली, एकला आली. मग नानांचे सहा तास चारला संपले की साडेपाचला? या दीड तासावरून आमच्या घरात आणि त्यांच्या घरात जवळजवळ बारा वर्षं जाणं-येणं बंद आहे. लग्नपत्रिका पोस्टाने येते. मधे शंभर फुटांचा बांध.

आबांकडे एचएमटी जनता होतं. रोज सकाळी चहाआधी किल्ली द्यायची, मग चोवीस तास बिनघोर. पण ते घड्याळ एवढंच सांगतं की आता किती वाजले. मोटर खरोखर किती वेळ चालली, हे ते सांगू शकत नाही. त्यासाठी मधे थांबवता येणारा आणि पुन्हा चालू करता येणारा वेगळा काटा लागतो. अशा घड्याळाला क्रोनोग्राफ म्हणतात. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते रेसिंगच्या गाड्या चालवणाऱ्यांचं खेळणं वाटलं होतं. सामाईक विहिरीला त्याची गरज जास्त आहे.

तर चूक काय झाली होती? गोल तबकडीवर आकडे मांडायची कोडमधली सोपी रीत अशी: केंद्रापाशी उभे राहा, हव्या तितक्या अंशांत वळा, सरळ चालत कडेपर्यंत जा आणि आकडा छापा. तीनसाठी ९० अंश, सहासाठी १८०, नऊसाठी २७०. पण तुम्ही वळलात की तुमच्याबरोबर आकडाही वळतो. तीन आडवा पडतो, सहा डोक्यावर उभा राहतो. म्हणून छापायच्या आधी तितक्याच अंशांत उलटं वळायचं असतं. एक ओळ. मोठ्या तबकडीसाठी मी ती लिहिली होती, छोटीसाठी विसरलो.

इंग्रजी सहा उलटा केला की नऊ होतो, हे शाळेत सगळ्यांना कळतं. देवनागरीत काय होतं याचा मी कधी विचारच केला नव्हता. ६ उलटा करून बघा, फोन फिरवा हवं तर. शेंडी वर गेलेला ३ दिसतो. आणि आपल्या भाषेला हे नातं आधीपासून माहीत आहे. पटत नसलेल्या दोघांत 'छत्तीसचा आकडा' असतो, कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात. आबा आणि नानांमध्ये तो बारा वर्षं आहेच. मी तो घड्याळात घालून दिला.

बग दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली. पण ऑफिसची बस हिंजवडीच्या सिग्नलला अडकली होती, हातात फोन होता, आणि मी शोधलं की असा उलटा सहा आणखी कुणी छापलाय का. उत्तर आलं: रोलेक्सने.

रोलेक्स डेटोना, मॉडेल नंबर १६५२०, १९८८ मध्ये बाजारात आलं. तबकडीवर तीन छोट्या तबकड्या. डावीकडची रोजचे सेकंद दाखवते, उजवीकडची मोजलेली मिनिटं, तीसपर्यंत, आणि खालची मोजलेले तास, बारापर्यंत. या खालच्या तबकडीत सहाचा आकडा केंद्राकडे पाय आणि बाहेर डोकं करून छापलेला आहे. तबकडीच्या तळाशी असल्यामुळे तो आपल्याला उलटा दिसतो, म्हणजे नऊसारखा. डाव्या बाजूला खरा नऊ आहेच. एका तबकडीत दोन नऊ. माझ्याकडे दोन तीन झाले होते, त्यांच्याकडे दोन नऊ. चार्‍ही आकडे तेच, जागा तीच, तासांचा काटाही तोच.

नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत कंपनीने असेच सहा छापले, मग गुपचूप सरळ केले. आज संग्राहकांच्या जगात या घड्याळांना 'इन्व्हर्टेड सिक्स' म्हणतात, आणि सरळ सहावाल्यापेक्षा उलट्या सहावाल्याला लोक जास्त पैसे मोजतात. माझ्या कोडमध्ये हेच झालं तेव्हा मला कुणी काही दिलं नाही. असो.

पहिली शंका हीच येते की रोलेक्सचाही बग होता का. मला नाही वाटत. वर्षानुवर्षं हजारो तबकड्यांवर एकाच पद्धतीने जे छापलं गेलं, ते कुणाच्या नजरचुकीने झालेलं नसतं. आकड्याचे पाय केंद्राकडे ठेवायचे, ही घड्याळांची फार जुनी सवय आहे. आज विचित्र वाटतो तो उलटा सहा खरं तर जुना नियम पाळत होता. सरळ सहा हा नंतरचा शहाणपणा.

हा नियम कुठून आला असेल? युरोपातल्या काही जुन्या यांत्रिक घड्याळांत काटा जागेवर असायचा आणि तबकडी फिरायची. तबकडी फिरणार असेल तर आकड्यांचे पाय केंद्राकडेच हवेत, म्हणजे जो आकडा वर काट्याखाली येईल तो त्या क्षणी सरळ दिसेल. बाकीचे उलटेपालटे असले तरी बिघडत नाही, त्यांची वेळ अजून आलेली नाही. पुढे तबकडी थांबली आणि काटा फिरू लागला. आकडे मात्र जसे होते तसे बसून राहिले. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. ज्या कारणासाठी एखादी ओळ लिहिली ते कारण संपतं, ओळ तशीच राहते, आणि तिला हात लावायला सगळे घाबरतात.

गंमत म्हणजे क्रोनोग्राफची गोष्टही फिरत्या तबकडीशी येऊन मिळते. १८२१ मध्ये पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत निकोला रियुसेक नावाच्या घड्याळजीने एक पेटी वापरली. तिच्यात तबकड्या फिरत होत्या आणि वर शाईची टाक जागेवर उभी होती. घोडा रेषा ओलांडून गेला की टाक खाली यायची आणि फिरत्या तबकडीवर ठिपका पडायचा. 'क्रोनोग्राफ' या शब्दाचा अर्थच काळ लिहिणारा. पुढच्या दोनशे वर्षांत शाई गेली, नाव राहिलं. (खुद्द पहिलेपणाचा मानही रियुसेककडे टिकला नाही. लुई मुआने याने १८१६ मध्येच सेकंदाचा साठावा भाग मोजणारं यंत्र केलं होतं. ते जगासमोर आलं २०१३ मध्ये.)

मनोऱ्यांवरच्या रोमन आकड्यांकडे बघा. लंडनच्या बिग बेनवर तळाचा सहा डोक्यावर उभा आहे, आणि त्याकडे बघून कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. बहुतेक जुन्या घड्याळांत चार हा आकडा चार उभ्या काठ्यांनी लिहितात, पाचाच्या डावीकडे एक काठी असा लिहीत नाहीत. याची अनेक कारणं सांगतात, त्यातलं एक आपल्या विषयाचं आहे. तबकडीच्या खालच्या भागात रोमन चार आणि सहा दोन्ही तिरपे-उलटे पडतात, आणि घाईत एकाच्या जागी दुसरा वाचला जातो. चार काठ्या काढल्या की घोळच मिटला. बिग बेनवर मात्र व्याकरणशुद्ध चार आहे. तिथेही लोक वेळ बरोबरच सांगतात.

का सांगतात? कारण आपण घड्याळातले आकडे वाचतच नाही. काट्याचा कोन वाचतो. काटा सरळ खाली म्हणजे सहा. मग तिथे सहा लिहा, नऊ लिहा, कमळाचं फूल काढा. कित्येक घड्याळांवर तर आकडेच नसतात, नुसत्या रेघा. म्हणूनच रोलेक्सचा उलटा सहा इतकी वर्षं कुणाला खुपला नसावा. हजारो लोकांनी तो मनगटावर वागवला असेल, आणि त्यातल्या फार थोड्यांनी तो खरोखर पाहिला असेल.

माझे मामा साखर कारखान्यात बॉयलरवर होते. एकदा त्यांना विचारलं होतं की प्रेशर गेजचे आकडे रात्रपाळीत नीट दिसतात का. ते हसले. "आकडं कोण बघतंय? काटा लाल रेघेच्या कुठल्या बाजूला, येवढंच." गेजच्या तबकडीवर लाल रेघ असते, तिच्यापुढे दाब गेला तर गडबड. मामांना दाब किलोमध्ये विचारला तर क्षणभर थांबावं लागायचं. काटा कुठे होता विचारलं तर हाताने दाखवायचे.

पण कोन वाचण्याची ही युक्ती एका मर्यादेपर्यंतच चालते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, अमेरिकेत पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या दोघांनी वैमानिकांकडून विमानातली उपकरणं चुकीची वाचल्याचे २७० प्रसंग गोळा करून त्यांचा अभ्यास केला. त्यात उंची दाखवणाऱ्या उपकरणाचा मोठा वाटा होता. एकाच तबकडीवर तीन काटे, एक शेकड्याचा, एक हजाराचा, एक दहा हजाराचा. घाईत एका काट्याचा आकडा दुसऱ्याला लागायचा आणि वैमानिकाला वाटायचं आपण आहोत त्यापेक्षा हजार फूट वर आहोत. डोंगर मात्र आपल्या जागी असतो. तोवर अशा अपघातांवर 'वैमानिकाची चूक' असा शिक्का बसायचा. या दोघांचं म्हणणं होतं की माणसाला दोष देण्याआधी तबकडी बघा.

आबांचं म्हणणं वेगळं नव्हतं. ते घड्याळ स्वतःसाठी बघणार असते तर दोन तीन असून काही बिघडत नव्हतं. ते नानांना दाखवायचं होतं. भांडणातला माणूस कोन वाचत नाही, तो अक्षर वाचतो.

आता त्या डेटोनाच्या पोटात काय होतं ते बघू, कारण या सगळ्या वाचनात मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

रोलेक्सचा हा क्रोनोग्राफ १९६३ पासून होता, पण हाताने किल्ली द्यायचा, आणि दुकानात पडून राहायचा. १९८८ च्या डेटोनात पहिल्यांदा आपोआप किल्ली भरली जाणारं यंत्र आलं. ते यंत्र रोलेक्सचं नव्हतं. ल लोक्ल गावच्या झेनिथ कंपनीचं होतं, नाव एल प्रिमेरो, म्हणजे 'पहिला'. १० जानेवारी १९६९ ला ते जाहीर झालं होतं. तासाला ३६,००० ठोके, म्हणजे सेकंदाला दहा. त्यामुळे सेकंदाचा दहावा भाग मोजता यायचा. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी जपानमध्ये सेकोने क्वार्ट्झ घड्याळ विकायला काढलं, आणि पुढच्या पंधराएक वर्षांत स्विस घड्याळ धंद्यातल्या नोकऱ्या सुमारे ९० हजारांवरून ३० हजारांच्या आसपास आल्या.

झेनिथची मालकी तेव्हा अमेरिकन कंपनीकडे गेली होती. १९७५ मध्ये वरून हुकूम आला: यांत्रिक घड्याळं बंद, फक्त क्वार्ट्झ. एल प्रिमेरो बनवायची यंत्रं आणि हत्यारं भंगारात काढा. कारखान्यात शार्ल व्हर्मो नावाचे कारागीर होते. त्यांनी मालकांना पत्र लिहून विरोध केला. उत्तर आलं नाही. मग त्यांनी संध्याकाळी, इतर माणसं गेल्यावर, दाब-यंत्रं, साचे, कापण्याची हत्यारं एकेक करून कारखान्याच्या माळ्यावर नेऊन ठेवली. प्रत्येकावर चिठ्ठी लावली आणि कुठली वस्तू कुठे, कुठल्या कामाची, कुठल्या क्रमाने, हे सगळं वहीत लिहून ठेवलं. मग माळ्याला भिंत घातली.

१९७८ मध्ये कंपनी पुन्हा स्विस हातात आली. ऐंशीच्या दशकात यांत्रिक क्रोनोग्राफला मागणी येऊ लागली तेव्हा व्हर्मोंनी माळा उघडून दिला. नवीन साचे करायचे म्हटलं असतं तर पैसा आणि वर्षं दोन्ही गेली असती. इथे सगळं चिठ्ठ्यांसकट तयार होतं. त्यातूनच रोलेक्सशी करार झाला. रोलेक्सने त्या यंत्रात भरपूर फेरफार केले, तारीख काढली, ठोके ३६,००० वरून २८,८०० वर आणले. २००० मध्ये रोलेक्सने स्वतःचं यंत्र आणलं तोपर्यंत डेटोना झेनिथच्या यंत्रावर चालत होतं. म्हणजे ज्या उलट्या सहासाठी आज लिलावात लोक बोली वाढवतात, त्याच्याखाली फिरणारी चाकं एका हुकूम न मानलेल्या माणसाच्या माळ्यावरून आलेली आहेत.

संग्राहकांच्या लिखाणात व्हर्मोंची गोष्ट येते, पण उलट्या सहाची जास्त येते. हे मला पटत नाही, समजतं मात्र. दुर्मीळ चूक ओळखता येणं ही एक प्रकारची साक्षरता आहे, आणि ती मिरवायला मजा येते. आपल्याकडेही आहे: १८५४ मध्ये कलकत्त्यात छापलेलं चार आण्याचं तिकीट दोन रंगांत, दोनदा दाबून छापायचे. लाल चौकट एकदा, निळं राणीचं डोकं दुसऱ्यांदा. काही कागद दुसऱ्या वेळी उलटे गेले आणि व्हिक्टोरिया राणी डोक्यावर उभी राहिली. त्या तिकिटांचे थोडेच नमुने उरलेत, आणि त्यांची किंमत चार आण्यांच्या फार पुढे गेली आहे. पण ती उघड उघड छापखान्यातली चूक होती. डेटोनाच्या सहाला चूक म्हणून विकलं जातं, आणि तो चूक नव्हताच. २०१७ मध्ये नट पॉल न्यूमन यांचं स्वतःचं डेटोना न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. त्यानंतर तर या घड्याळाच्या तबकडीवरची प्रत्येक रेघ भिंगाखाली गेली. दिसतं त्याला भाव येतो. माळ्यावरच्या चिठ्ठ्या तबकडीवर दिसत नाहीत.

माझ्या आधीच्या कंपनीत आमच्या टीमचा एक प्रॉडक्ट दुपारच्या एका मीटिंगमध्ये बंद झाला. संध्याकाळपर्यंत रेपॉझिटरी आर्काइव्ह, तीन महिन्यांनी डिलीट. ते कसं चालायचं हे माहीत असलेले आम्ही सात जण आता पाच शहरांत आहोत. कुणी काही लिहून ठेवलं नाही. मीही नाही. व्हर्मोंबद्दल वाचल्यापासून तो आठवडा डोक्यातून जात नाही.

संक्रांतीला गावी गेलो तेव्हा नवीन व्हर्जन आबांच्या मनगटावर टाकलं. सगळे आकडे सरळ. आबांनी बघितलं, मान हलवली, मग म्हणाले, "नानाच्या नातवाला बी ह्येच टाकून दे. दोघांकडं एकच घड्याळ पायजे. न्हायतर तो म्हणणार, तुझ्या नातवानं काटा तुझ्याकडून वळवलाय."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एकाच पक्षाच्या हातातलं घड्याळ पुरावा होत नाही.

नानांचा नातू बारामतीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारा वर्षांत मी त्याच्याशी एकदाही बोललो नव्हतो, इन्स्टावर मात्र एकमेकांना फॉलो करतो. मेसेज टाकला. त्याने आधी विचारलं की बॅटरी किती खातं. मग विचारलं की लाईट गेली तर काटा आपोआप थांबेल असं करता येईल का, मोटरच्या स्टार्टरला एक सेन्सर लावून. बोट टेकवायला कुणी विसरलं म्हणून पुन्हा वाद नको. त्याने स्टार्टरपेटीचा फोटो पाठवला. मी कोड पाठवला, आणि सोबत कुठला भाग काय करतो ते तीन पानं मराठीत लिहून.

दोन तीनांचं जुनं व्हर्जनही त्या फोल्डरमध्ये आहे. फाईलला नाव दिलंय 'छत्तीस'.